बटण्याचं जोडकार्ड

अण्णा, आधी तुमचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते. पगारेअण्णा, टपालखात्यात गावोगावची पत्रं वेगळी करायच्या कामाला, राहणार सातपूर. आणि तुमच्या मागोमाग सुमनवहिनींचं. या दोघांमुळे माझा अनिल आज शाळेत जातो. पुढं मी जे लिहीन त्यात कुठं संशय दिसला, तर तो तुमच्यावर आहे असं कुणी समजू नये, असं लिहिणार होते. पण थोडा आहे. ती सवय तुम्हीच लावलीत.

तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले आणि तुमची गोष्ट तयारसुद्धा झाली. परवा भाजीच्या गाडीवर एक बाई सांगत होती की पगारेअण्णा कामावरच गेले, हातात पत्र होतं, आणि पत्त्याच्या जागी त्यांचंच नाव. मी मेथीची जुडी खाली ठेवली आणि विचारलं, कुणी सांगितलं? म्हणे भावानं. त्यानं पाहिलं का? नाही, त्याला कुणीतरी सांगितलं. मग मी तिला सांगितलं की अण्णा दवाखान्यात गेले, दुपारी चारच्या सुमाराला, वहिनी स्टुलावर बसलेल्या होत्या आणि अण्णांच्या हातात अर्धं सोललेलं मोसंबं होतं. ते मीच नेलं होतं. बाई थोडी हिरमुसली. म्हणाली, "असं का. पण ते ऐकायला बरं वाटत होतं गं."

तुम्ही असता तर हसला असता. मला मात्र रस्ताभर राग येत राहिला. नंतर वाटलं, तिला काय बोलायचं. ऐकायला बरं वाटतं म्हणून मीही एक गोष्ट सात वर्षं सांभाळली आहे. पत्र्याच्या डब्यात, बांगड्यांच्या खाली.

विहारात तुमची शोकसभा झाली तेव्हा तुमच्या खात्यातले एक साहेब बोलले. अण्णा आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत, म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. वहिनींनीही हलवली. मी तेवढी जमिनीकडं बघत बसले.

मी भंडाऱ्याकडची. लग्न होऊन सातपूरला आले तेव्हा नाशिक म्हणजे जगाचं दुसरं टोक वाटायचं. घरून पत्र आलं की दोन दिवस जेवण जायचं नाही. सहावीत शाळा सुटलेली, त्यामुळे पत्र वाचता यायचं पण लिहिताना अडायचं. मालक कारखान्यात पाळीला गेले की खोलीत मी, शिवणाचं मशीन आणि भिंतीचे पोपडे. ते झाकायला मी तुमच्या घरच्या वाचनालयातून जुने अंक मागून आणायचे. आठवतं? ज्यांची पानं सुटलीत, जे आता कुणी नेत नाही, असे. तुम्ही म्हणालात, "चिकटवा, पण आधी वाचा. न वाचलेलं पान माझ्याकडून भिंतीला जाणार नाही." आणि दर वेळी विचारायचात, त्यात काय होतं. मी घाबरून पाठ करून यायचे. माझी शाळा तिथून परत सुरू झाली.

त्या अंकांत मुलांचं एक मासिक असायचं, त्याच्या शेवटच्या पानावर बटण्या नावाचा चित्रातला पोरगा असायचा. वडलांचा ढगळ शर्ट, त्याला एकच मोठं बटण, पायात काही नाही. कधीच बोलायचा नाही. बाकीच्या चित्रांतल्या पोरांच्या डोक्यावर अक्षरांचे फुगे, याच्या डोक्यावर मोकळं आभाळ. आमच्या चाळीतल्या पोरांचा तो जीव होता. अनिल झाला तेव्हा मी त्याच्या पाळण्याच्या बाजूची भिंत पूर्ण बटण्याची केली. तो बसायला लागल्यापासून उठला की आधी भिंतीकडं बघायचा आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवायचा, बटण असतं तिथं.

अशा छापील चित्रांबद्दल गोष्टी फिरायच्याच. पोरं तुमच्याकडं यायची आणि तुम्ही त्या सोडवायचात. गोळीच्या कागदावरचं टोपी घातलेलं अस्वल म्हणे एका सर्कशीतलं, मालकाला मारून पळालेलं. तुम्ही तो कागद आणि दुसऱ्या कंपनीच्या बिस्किटाचा पुडा शेजारी ठेवून दाखवलात, अस्वल तेच, नुसती टोपी बदललेली. म्हणालात, छापखान्यात एक ठसा असतो, तो सगळ्यांना देतात, सर्कस कुठली आली. काडेपेटीवरची हसरी जुळी मुलं आगीत गेलेली, ही दुसरी गोष्ट. त्यावर तुम्ही विचारलंत, मग काडेपेटी निघाली कधी आणि आग लागली कधी. तुमची रीत ठरलेली. कुणी सांगितलं? त्यानं पाहिलं का? नसेल पाहिलं तर त्याला कुणी सांगितलं? वहीत नावं लिहायची, एकाखाली एक, मध्ये बाण. आणि कागद हाती आला की आधी शिक्का, मग मजकूर. मजकूर कुणीही लिहितो, म्हणायचात, शिक्का खात्याचा असतो.

मला ती गंमत वाटायची. माझ्या घरात येईपर्यंत.

अनिल चौथ्या वर्षाला लागला तरी आई म्हणेना. मी म्हणायचे, मुलगे उशिरा बोलतात. आईचं पत्र यायचं, "लेकराले घेऊन गावी ये, इथं दाखवू." आणि मग एका सकाळी शेजारची नंदाबाई दारात उभी राहिली. ती सटाण्याकडची, तिचा दीर लासलगावला कांद्याच्या मार्केटात. ती भिंतीकडं बघून म्हणाली की ती चित्रं काढून टाक. बटण्या म्हणजे काढणाऱ्याचा खरा मुलगा. त्यानं बटण गिळलं, वाचा गेली, मग तो रामकुंडावर बुडाला. बाप दर महिन्याला त्याला काढतो, आणि ज्या घरात तो भिंतीवर असतो त्या घरचं लेकरू त्याच्यासारखं होतं. शेवटी म्हणाली, "मना देर सांगस, खरं शे ते."

ती गेली आणि मी उलथनं घेतलं. अण्णा, मी ती पानं खरवडली. पानांबरोबर भिंतीचा गिलावाही आला. अनिल माझा पदर ओढत होता, छातीवर बोट आपटत होता. त्याचा तो एकच सोबती होता आणि मी त्याच्यासमोर त्याचे तुकडे करत होते. संध्याकाळी मालक आले, त्यांनी भिंत पाहिली आणि पडलेला गिलावा झाडून काढला. दुसऱ्या दिवशी ठरलं की त्र्यंबकला जाऊन दोषाची शांत करायची; मुहूर्त दोन महिन्यांनंतरचा मिळाला. मालकांनी रजेचा अर्ज टाकला. तोवर चाळीतल्या पोरांनी अनिलचं नाव बटण्या पाडलं होतं.

वहिनींनी मला तुमच्यासमोर आणून बसवलं. मी रडत होते आणि तुम्ही अनिलकडं बघत होतात. त्याला तुम्ही अंकांचा गठ्ठा दिला होता, तो पानं उलटत होता. आत कुकरची शिट्टी झाली. मी दचकले. अनिलनं मान वर केली नाही. तुम्ही उठलात, त्याच्या पाठीमागं जाऊन डब्याचं झाकण फरशीवर टाकलंत. तो पान उलटत राहिला.

"जीभ नाही बाई," तुम्ही म्हणालात, "कान दाखवा याचे."

मला तुमचा संशय आला. खरं लिहिते. वाटलं, हे देवाधर्माचं न मानणारे, हे असंच सांगणार. त्र्यंबकला जाऊ नये म्हणून कानाचा विषय काढलात. मी म्हणाले, आधी त्या चित्रवाल्याचं काय ते कळू दे. त्यानं स्वतः सांगितलं की त्याचा असा मुलगा नव्हता, तर मी कुठंही येते. नाहीतर शांत. तुम्ही खूप समजावलंत. गावातल्या मोठ्या वाचनालयात जाऊन मासिकाचे सुरुवातीचे अंक काढलेत आणि मला तिथं बसवून दाखवलेत. पहिल्या तीन अंकांत बटण्या बोलत होता. त्याच्या डोक्यावरही फुगे होते, पण जागा एवढीशी, अक्षरं मुंगीएवढी, शाई पसरून काळी पडलेली. चौथ्या अंकापासून फुगे गेले. "वाचता येत नव्हतं म्हणून काढले असणार, दिसतंय ना?" दिसत होतं. पण दिसल्यानं माझी भीती जात नव्हती. मला त्या माणसाच्या हातचं पाहिजे होतं.

मग तुम्ही जोडकार्ड पाठवलंत. दोन कार्डं एकमेकांना जोडलेली, एकावर आपण लिहायचं, दुसरं कोरं, त्यावर आपलाच पत्ता. ज्याला पत्र जातं त्यानं कोरं फाडून त्यावर उत्तर लिहायचं आणि पेटीत टाकायचं. मासिक मुंबईचं, म्हणून चित्रवाल्याच्या नावे मासिकाच्या पत्त्यावर. इकडं वहीत बाणही सुरू होते. नंदाबाईला दिरानं सांगितलं. दिराला मालेगावच्या ट्रकवाल्यानं. ट्रकवाल्याला सातपूरच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी. तुम्ही लासलगावला जाऊन आलात, मालेगावला जाऊन आलात, तुमच्या सुट्टीच्या दिवशी, एसटीनं. टपरीपर्यंत आलात आणि एक दिवस म्हणालात, "पुढं धागा तुटला."

आणि त्याच आठवड्यात उत्तर आलं. शांत चार दिवसांवर होती.

ते कार्ड मला पाठ आहे. "बटण्या कुणाचा मुलगा नाही. मला जागा चार बोटं मिळते. त्यात अक्षरं लिहिली तर छापताना मिटतात, म्हणून मी त्याला बोलायला लावत नाही. मला एक मुलगी आहे, ती पुष्कळ बोलते. तुमच्या मुलाला चांगल्या डॉक्टरला दाखवा."

मी ते तीनदा वाचलं. मालकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, मग रजा आहेच, डॉक्टरकडं जाऊ. पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे, तुम्ही सोबतच होतात. कानाची तपासणी, यंत्र, ती शाळा, आणि त्या शाळेतल्या बाई, ज्या म्हणाल्या, वेळेत आणलंत, अजून दोन वर्षं गेली असती तर अवघड होतं. अनिलनं सहाव्या वर्षी आई म्हटलं. सरळ आलं नाही, नाकातून आलं, पण आलं. तुम्हाला तो नावानं कधी हाक मारत नव्हता. मूठ करून दुसऱ्या तळहातावर मारायचा, शिक्का मारतात तशी. तुम्ही गेलात त्या दिवशी घरी आल्यावर त्यानं तळहातावर मूठ मारली आणि भुवया उडवल्या. मी डोळे मिटून दाखवलं. त्यानं परत मूठ मारली. मी परत डोळे मिटले. मग त्यानं मूठ उघडली आणि तळहाताकडं बघत बसला.

आता ते लिहिते, जे सात वर्षं कुणाला सांगितलं नाही. कार्ड आलं त्या दिवशी मजकूर तीनदा वाचायच्या आधी मी शिक्का पाहिला होता. तुमचीच शिकवण. मुंबईहून आलेल्या कार्डावर दोन शिक्के पाहिजेत, तिकडं टाकल्याचा एक आणि इकडं पोचल्याचा एक. त्यावर दोन होते. दोन्ही नाशिकचे.

मी पाहिलं आणि काही बोलले नाही. कारण मला ते खरं पाहिजे होतं. अंगठा शिक्क्यावर ठेवून मी मालकांना कार्ड वाचून दाखवलं.

विचारायला मला पाच वर्षं लागली. तुमच्या ओट्यावर आपण वाटाणे सोलत होतो, तुमची रिटायरमेंट जवळ आली होती. मी मान वर न करता म्हटलं, "अण्णा, ते कार्ड खरं होतं का?"

"शिक्का पाहिला होतास ना?"

"पाहिला होता."

"मग मला काय विचारतेस?"

आणि तुम्ही वाटाणे सोलत राहिलात. मला त्याचा राग आला, तो अजून आहे. सगळ्या सातपूरला विचारायला शिकवलंत आणि तुमच्यावर वेळ आली तर माझाच प्रश्न माझ्या हातात दिलात. त्यानंतर मी तुमच्या प्रत्येक गोष्टीकडं थोडं तिरकं बघायला लागले. तुम्ही म्हणायचात, तब्येत ठीक आहे. मी वहिनींना विचारायचे. मी चार ओळी लिहून दाखवायला लागले होते, तुम्ही म्हणायचात, चांगलं आहे; मी घरी जाऊन ते कागद फाडायचे. कान दाखवा, एवढं एकच तुमचं मी नंतर कधी तपासलं नाही, ते अनिलनं तपासून दिलं.

मागच्या रविवारी वहिनींनी तुमच्या वह्या बाहेर काढल्या. म्हणाल्या, "तुझ्या असतील त्या तू ने, बाकी वाचनालयात ठेवू." बटण्याच्या पानांना तुम्ही दोरा बांधला होता. आधी तुम्ही लिहिलेलं: जोडकार्ड पाठवले, उत्तर नाही. खाली पुन्हा: दुसरे पाठवले, उत्तर नाही. म्हणजे दोनदा खरोखर विचारलं होतंत. त्याच्या खाली पानाला टाचणीनं लावलेलं जोडकार्डाचं एक अर्धं. लिहायचं अर्धं, कोरं, कुणालाही न पाठवलेलं. उत्तराचं अर्धं फाडून घेतलेलं.

मी घरी धावत आले आणि बांगड्या खाली ओतून डब्यातलं माझं कार्ड काढलं. परत गेले. वहिनींच्या समोर दोन्ही कडा एकमेकांना लावल्या. एका जागी फाडताना कागद थोडा आत गेला होता, तिथं दुसऱ्याचा तेवढाच तुकडा बाहेर. जुळल्या.

वहिनींनी त्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "डाव्या हातानं लिहिलं त्यांनी. मी म्हटलं होतं, कळेल तिला. तर म्हणाले, कळू दे."

मी विचारलं, मग शिक्का? तुमच्या हाताशी येता-जाता मुंबईचे थैले होते, ओळखीचे लोक होते. एक शिक्का मुंबईचा मारून आणणं तुम्हाला काय जड होतं. वहिनी म्हणाल्या की तेही त्यांनी सुचवलं होतं, आणि तुम्ही त्यांच्याशी दोन दिवस बोलला नव्हता. मजकूर तुम्ही खोटा लिहिलात, अक्षर खोटं काढलंत, आणि कार्ड मात्र कोपऱ्यावरच्या लाल पेटीत सरळ टाकलंत, जिथून निघालं तिथला शिक्का बसावा म्हणून. जिला बघायचं असेल तिला दिसावं म्हणून. हे मला आत्ता कळतंय.

पण वही तिथं संपत नव्हती. मागच्या पानावर बाण होते. नंदाबाई, दीर, मालेगावचा ट्रकवाला, चहाची टपरी. तिथं धागा तुटला म्हणाला होतात. तो तुटला नव्हता. टपरीखाली बाण, कारखान्यातला एक फिटर. फिटरखाली बाण, त्याची बायको शेवंता, नळावर. शेवंताखाली बाण, आणि तुमच्या बारीक अक्षरात: अनिलची आई? पुढं फक्त प्रश्नचिन्ह.

मला आधी वाटलं तुमची चूक झाली. मग नळ आठवला. अनिल दीड वर्षाचा, माझ्या कडेवर. बादलीवर बादली लागलेली, शेवंता माझ्या पुढं. तिच्या मुलीच्या हातात मासिक होतं आणि अनिल बटण्याकडं बोट करत होता. मी म्हटलं होतं, हसत म्हटलं होतं, प्रेमानं म्हटलं होतं, "याला काढणाऱ्याच्या घरी पण माझ्या अनिलसारखं गप्प लेकरू असेल."

एवढंच. बटण मी गिळवलं नाही, रामकुंडही मी आणलं नाही. ते ज्यानं त्यानं आपापल्या बाणाला जोडलं. पण सुरुवात माझ्या तोंडून निघाली, मालेगाव फिरून आली आणि माझ्याच भिंतीवरची चित्रं तिनं माझ्याच हातानं काढायला लावली. आणि तुम्हाला हे कळलं तेव्हा शांत चार दिवसांवर होती, आणि मी आधीच म्हणत होते की माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे झालं. ते पान तुम्ही माझ्यासमोर ठेवलं असतं तर माझ्याच तोंडचं लागलं म्हणत मी शांत केली असती, कान दाखवायला गेले नसते. म्हणून तुम्ही वही मिटलीत आणि डाव्या हातात पेन घेतलंत.

अण्णा, मी तुमच्यावर रागवायचं की तुमच्या पाया पडायचं, ते ठरत नाही. दोन्ही राहू दे. तुम्ही मला फसवलंत, आणि फसवताना खिडकी उघडी ठेवलीत. मी ती पाहिली आणि पडदा ओढला. मग यात मीही आलेच. हे छापून आलं तर लोक म्हणतील, हिनं मेलेल्या माणसाचं खोटं काढलं. वहिनींना विचारून लिहिलंय. त्या म्हणाल्या, बाण पूर्ण कर.

म्हणून रविवारी मी तुमच्याच पेन्सिलीनं ते प्रश्नचिन्ह खोडलं. काल नळावर शेवंताला सांगितलंही. तिला आठवतसुद्धा नव्हतं. नंदाबाईला आठवत होतं, तिनं कळशी तशीच ठेवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

राहिला तो चित्रवाला. आपण त्याच्या घरी एक मेलेलं लेकरू ठेवलं आणि त्याचं उत्तर कधी आलंच नाही. त्याच्या नावानं तुम्ही उत्तर दिलंत, ती पुष्कळ बोलणारी मुलगीसुद्धा तुम्हीच त्याला दिलीत. मासिक बंद पडलंय, पत्ता गेला. पण कुणाला तरी माहीत असेल, त्याला नसेल तर तो ज्याचं नाव सांगेल त्याला. मला वेळ लागेल. मशीनचं काम आहे, अनिलची शाळा आहे, मुंबई मी एकदाच पाहिली आहे. तरी एक दिवस मी त्याला शोधीन आणि उजव्या हातानं, माझ्या नावानं, जोडकार्ड लिहीन: ही गोष्ट माझ्यापासून सुरू झाली, माफ करा, आणि खरं काय ते सांगा. तुमचं देणं मी असंच फेडीन, दुसरी रीत मला येत नाही.

उत्तर आलं की तुमच्या ओट्यावर वहिनींना वाचून दाखवीन. आधी शिक्का.